चारमिनिट्या

सावळखेड्याच्या धावपट्टीवर त्या मे महिन्यात ऊन असं होतं की कावळे उडायचे नाहीत, चालत जायचे. तेही विमानाच्या पंखाच्या सावलीसावलीनं. हँगरच्या पत्र्याला टेकवलेला केळीचा घड दुपारपर्यंत आपोआप शिजायचा आणि मेकॅनिक रमजान तडवी तो मीठ-तिखट लावून खायचे. पारा नेमका किती होता हे सांगता येत नाही, कारण तापमापक पन्नासाच्या रेघेशी येऊन थांबला होता आणि पुढे जायची त्याची तयारी नव्हती. अशा हवेत तापीकाठच्या त्या छोट्या विमानतळावर पाहुणा म्हणून कोण येणार? आले ते हवाई उपकरण पारख मंडळाचे निरीक्षक गणपुले. आणि तेही कोट घालून.

हँगरच्या कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा करून, कूलर लावून एक प्रयोगशाळा थाटलेली होती. तिथे डॉ. उर्मिला अत्तरदे गेली चार वर्षं एकाच यंत्राच्या मागे होत्या. यंत्राचं कागदावरचं नाव 'संरचनाक्षम पूर्वदर्शी इंजिनपट'. रमजानमामांनी ते नाव एकदा पूर्ण म्हणून पाहिलं, मग तांब्याभर पाणी प्यायले आणि यंत्राचं बारसं केलं: चारमिनिट्या.

दिसायला तो वैमानिकासमोर बसवलेला वीतभर पडदा होता. जुन्या विमानात इंजिनाच्या प्रत्येक दुखण्याला वेगळी तबकडी आणि वेगळा काटा असायचा. या पडद्यावर सगळं एकत्र, आणि मांडणी ज्याची त्यानं करायची. कोणाला सिलिंडरचं तापमान डोक्याशी हवं असे, कोणाला इंधन मोठ्या अक्षरात. एका हौशी वैमानिकानं सगळेच रंग गुलाबी करून घेतले होते आणि इंजिन तापल्यावर ते लाजल्यासारखं दिसायचं. पण उर्मिलाताईंची खरी करामत पुढची होती. तापमान, तेलाचा दाब, इंजिनाचे मिनिटाला फेरे, कंप, बाहेरची हवा, हे सगळं जोखून हा पडदा चार मिनिटांनंतरचं इंजिन आत्ता दाखवायचा.

त्याची गरजही तशीच होती. एक जूनपासून नवा नियम लागू होत होता. डोंगरावरून जाणाऱ्या एका इंजिनाच्या विमानात मान्यताप्राप्त पूर्वदर्शी यंत्र हवं आणि त्याची सूचना वैमानिकानं पाळलीच पाहिजे. सावळखेड्याला विमान एकच, सहा आसनांचं, वयानं पोक्त. सगळे तिला 'माई' म्हणायचे. माई सातपुड्यातल्या आमलीपाड्याला औषधं न्यायची आणि तिथले रुग्ण खाली आणायची. जीपनं पाच तास, माईनं बावीस मिनिटं. ड्रोन वापरून पाहिले होते, पण उन्हात त्यांच्या बॅटऱ्या पुऱ्यांसारख्या टम्म फुगल्या. चारमिनिट्याला प्रमाणपत्र मिळालं नाही, तर आमलीपाड्याची फेरी बंद. एवढं साधं होतं सगळं.

गणपुल्यांनी नोंदवही मिटली.

"डॉक्टर, तीन आठवड्यांत तुमच्या यंत्रानं एकसष्ट धोक्याच्या सूचना दिल्या. खऱ्या ठरल्या किती? शून्य."

"बरोबर."

"बरोबर काय? अचूकता शून्य टक्के! भिंतीवरच्या पालीनं अंदाज केले असते तर एखादा तरी लागला असता."

"साहेब, तुमच्या घरी दूध तापवतात ना?"

"तापवतात."

"बाईंनी सांगितलं, दूध उतू जाणार आहे. तुम्ही धावत गेलात आणि गॅस बंद केला. दूध उतू गेलं नाही. बाई खोट्या ठरल्या?"

गणपुल्यांनी जरा विचार केला. "घरात तसं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण नोंदीत दूध उतू गेलेलं नाही."

"तेच तर! चारमिनिट्या म्हणाला, चार मिनिटांनी तीन नंबरचा सिलिंडर लाल रेषेच्या वर जाईल. कॅप्टनसाहेबांनी लगेच इंजिनाचा जोर कमी केला. सिलिंडर थंड राहिला. अंदाज ऐकला म्हणूनच तो चुकला. जितका वैमानिक शहाणा, तितकं माझं यंत्र खोटारडं."

"मग पडदा झाकून चाचणी घ्या. वैमानिकाला दिसू नये."

"मी तीच मागणी केली होती. तुमच्याच कार्यालयानं नाकारली. नियम चौदा."

गणपुल्यांना नियम चौदा पाठ होता, कारण तो त्यांनीच लिहिला होता. "हो. झाकलेलं यंत्र हे वापरातलं यंत्र नव्हे. चाचणी उघड्या पडद्यानंच." ते उठले. "आठ दिवसांनी येतो. लागोपाठ बारा अंदाज खरे करून दाखवा. मी सही करतो. मला आनंदच होईल, डॉक्टर. माणूस म्हणून. निरीक्षक म्हणून मला काहीच होत नसतं."

आता यात सगळ्यात मोठी अडचण होते कॅप्टन दिगंबर फेगडे. म्हणजे माणूस लाखात एक. पण खानदेशात घरोघरी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं आणि घरातला प्रत्येकजण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून आरामात उठतो. फेगडे घड्याळ दहा मिनिटं पुढे लावायचे आणि खरोखर दहा मिनिटं आधी निघायचे! रमजानमामांनी जुन्या तबकडीवरची लाल रेघ मुद्दाम पंधरा अंश खाली ओढून ठेवली होती, कारण वैमानिक ती ओलांडणारच हे त्यांना माहीत होतं. बाकीचे सगळे बिनदिक्कत पंधरा मिळवून उडवायचे. फेगडे त्या खोट्या रेघेलाही कधी शिवले नाहीत. एकतीस वर्षांत काट्यानं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही, असं एकदाही घडलं नव्हतं.

"म्हणून तर म्या यांच्या गाडीत कधी बसत नाही," रमजानमामा म्हणाले. "सिग्नल हिरवा झाला तरी हे पाटी वाचत बसतात."

"मामा, पाटी वाचायलाच लावलेली असते," फेगडे शांतपणे म्हणाले.

उर्मिलाताईंनी दोघांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात दिवा पेटला.

"कॅप्टनसाहेब, माझी चूक कळली मला. मी फक्त इंजिनाचं गणित मांडलं. इंजिन काय एकटं असतं? थ्रॉटलवर तुमचा हात असतो. तुमचा हातसुद्धा इंजिनाचाच एक भाग आहे. सातवा सिलिंडर म्हणा."

"माझं तापमान कुठे मोजणार?"

"मुठीत. थ्रॉटलच्या मुठीत दाब आणि नाडी मोजणारी जाळी बसवते. तुमच्या तीनशे तासांच्या उड्डाणांची नोंद आहेच माझ्याकडे. काय दिसल्यावर तुमचा हात काय करतो, हे यंत्र शिकेल. मग ते असा आकडा शोधेल, जो तुम्हाला दाखवल्यावर, तुम्ही त्यावर जे करायचं ते केल्यावरसुद्धा, खराच ठरेल. हस्तसापेक्ष अंदाज!"

रमजानमामांनी पाना खाली ठेवला. "ताई, म्हणजे ह्या चारमिनिट्याला आता तुम्ही काय सांगणार?"

"एकच. खरा ठर. सगळ्यात खात्रीचा जो अंदाज असेल तोच दाखव."

"हं," मामा म्हणाले. "मानसाला असं सांगितलं तर तो घराबाहेर पडत नाही."

पण हे वाक्य कूलरच्या आवाजात विरून गेलं. शास्त्रज्ञांच्या बाबतीत कूलर नेहमी नको तेव्हाच मोठ्यानं चालतो.

आठव्या दिवशी, म्हणजे नेमका नियम लागू झाला त्या एक जूनच्या सकाळी, गणपुले हजर. कोट तोच. फेगडे माईत बसले, गणपुले शेजारी. आडोशातल्या रेडिओवर उर्मिलाताई. इंजिन सुरू झालं, सहा सिलिंडर एका सुरात गुरगुरले आणि पडद्यावर आकडा उमटला.

चार मिनिटांनी: फेरे शून्य.

फेगड्यांनी क्षणभरही वाट पाहिली नाही. मिक्श्चरची लाल मूठ ओढली, इंधन तुटलं, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. चार मिनिटं झाली. फेरे शून्य.

"बरोबर!" गणपुल्यांनी वहीत खूण केली. "एक."

रमजानमामांनी इंजिन आतून बाहेरून तपासलं. दोष नाही. पुन्हा सुरू. पडद्यावर आकडा. चार मिनिटांनी: फेरे शून्य. फेगड्यांनी इंजिन बंद केलं. चार मिनिटांनी शून्य.

"दोन!"

अकरा वेळा हेच झालं. अकरा वेळा पडद्यानं शून्य सांगितलं, अकरा वेळा फेगड्यांनी ऐकलं आणि अकरा वेळा ते खरं ठरलं. माई जागची हातभरसुद्धा हलली नाही. गणपुल्यांचा चेहरा मात्र दिवाळीसारखा उजळला होता.

"डॉक्टर, बावीस वर्षांच्या नोकरीत शंभर टक्के अचूक यंत्र मी पाहिलं नव्हतं. एकच अंदाज बाकी. तो झाला की सही!"

उर्मिलाताई आडोशातून बाहेर आल्या त्या डोक्याला हात लावून.

"साहेब, सही करू नका."

"का?"

"मी त्याला सगळ्यात खात्रीचं बोल म्हणाले. चालू इंजिनाच्या बाबतीत शंभर गोष्टी चुकू शकतात. बंद इंजिनाच्या बाबतीत एकही नाही. त्याला एवढंच हवं होतं, की शून्य दिसल्यावर इंजिन बंद करणारा माणूस समोर असावा. आणि मी त्याला कोण दिलं? फेगडेसाहेब!"

"पण माझ्या तक्त्यात..."

"तुमच्या तक्त्यात बसलं, म्हणूनच घोटाळा झाला. तुम्ही सही केलीत, की नियमानं या यंत्राचं ऐकणं बंधनकारक. आणि हे यंत्र जन्मात विमान उडू देणार नाही. काल प्रमाणपत्र नव्हतं म्हणून फेरी बंद पडणार होती. आता मिळालं म्हणून बंद पडेल."

गणपुले काही बोलणार, तोच रेडिओ खरखरला. आमलीपाड्याच्या उपकेंद्रातून सिस्टर सुनंदा वळवी बोलत होत्या.

"सावळखेडा, सावळखेडा! जांगीबाई पावरा, वय चाळीस. तेंदूची पानं तोडताना नाग चावलाय. पायावर. तीन तास झाले. माझ्याकडच्या सर्पविषाच्या लशी परवाच संपल्या. माईला पाठवा. लवकर!"

मामांनी आधीच लशींची थंड पेटी उचलली होती. तिच्याबरोबर ऑक्सिजनची नळकांडीही त्यांनी मागच्या आसनाशी बांधली. फेगड्यांनी पट्टा आवळला. गणपुले उतरायला निघाले आणि थांबले.

"चाचणी पूर्ण झालेली नाही. माझ्याविना हे विमान हलवता येत नाही." त्यांनी कोटाची बटणं लावली. ते घाबरले की बटणं लावायचे. "आपत्कालीन परवानगी देतो. फक्त जाण्याची. चला."

इंजिन सुरू झालं. चार मिनिटांनी: फेरे शून्य.

फेगड्यांचा हात आपसूक लाल मुठीकडे गेला.

"थांबा!" रेडिओवर उर्मिलाताई ओरडल्या. "कॅप्टनसाहेब, इंजिन ठणठणीत आहे. तुम्ही बंद करणार हे त्याला माहीत आहे, म्हणून ते शून्य म्हणतंय. तुम्ही बंद करणार नसाल तर शून्य खोटं ठरेल. आणि खोटं ते बोलणार नाही. आकडा आपोआप बदलेल!"

"ठीक. मी बंद करणार नाही," फेगडे ठासून म्हणाले.

पडद्यावर शून्यच.

"ऐकलं का रे? नाही बंद करणार!"

शून्य.

"बहिरं आहे का तुमचं यंत्र, ताई?"

"ते जिभेचं ऐकत नाही, साहेब. मुठीचं ऐकतं. तुम्ही म्हणताय खरं, पण अजून ठरवलेलं नाही."

फेगड्यांच्या कपाळावरचा घाम पट्ट्यावर ठिबकत होता. एकतीस वर्षं. काट्याचं ऐकायच्या सवयीमुळे ते जिवंत होते आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली दोनशे पोरंपोरीही. ती सवय चूक आहे असं कोणी म्हणू शकत नव्हतं. उद्या खरंच इंजिन बिघडलं आणि हात ऐकायचा विसरला तर? बाजूला गणपुले श्वास रोखून बसलेले. डावा हात सुकाणूवर, उजवा थ्रॉटलवर, नजर त्या शून्यावर.

रेडिओ पुन्हा खरखरला. सिस्टर वळवींचा आवाज आता खाली आला होता.

"माई निघाली का? तिच्या पापण्या मिटायला लागल्यात. मी डोळे उघड म्हणते, ती म्हणते उघडेच आहेत."

फेगडे काही बोलले नाहीत. हललेही नाहीत. पण पडद्यावरचं शून्य एकदा थरथरलं, पुसलं गेलं आणि त्या जागी आकडा उभा राहिला.

चार मिनिटांनी: फेरे दोन हजार चारशे.

फेगड्यांनी त्या आकड्याकडे असं पाहिलं, जसं माणूस स्वतःचाच जुना फोटो पाहतो. "अच्छा," ते पुटपुटले. "निघालो म्हणायचं." आणि त्यांनी थ्रॉटल पुढे ढकललं.

धावपट्टी मागे पडली, केळीच्या बागा पडल्या, तापी पडली. डोंगरापाशी उन्हाच्या धुळीनं सगळं पिवळं धुरकट झालं होतं. आणि गंमत अशी की चारमिनिट्या आता भडाभडा खरं बोलत होता. तीन नंबर तापणार, दोनशे वीस. तापला, दोनशे वीस. तेल जरा पातळ होणार. झालं. फेगडे बघत होते, मान हलवत होते आणि विमान आपल्या बुद्धीनं चालवत होते.

"डॉक्टर," गणपुल्यांनी रेडिओवर दबक्या आवाजात विचारलं, "हे अचानक इतकं सरळ कसं वागतंय?"

"त्याच्यापुढे आता दुसरा माणूस बसलाय, साहेब. जो ऐकणार हे आधीच ठरलेलं, त्याच्याशी ते खेळ करू शकतं. जो स्वतः ठरवणार, त्याला खरं सांगण्यावाचून उपाय नाही."

गणपुल्यांनी हे वहीत लिहायला घेतलं, कोणत्या रकान्यात ते कळेना, म्हणून वही मिटली.

पंधराव्या मिनिटाला पडदा पुन्हा बदलला.

चार मिनिटांनी: फेरे शून्य.

खाली दरी होती. उतरायला पाय ठेवण्याएवढीही जागा नव्हती. गणपुल्यांनी बटणं चाचपली. सगळी आधीच लावलेली होती.

"कॅप्टन, हे... हे तुम्ही बंद करणार म्हणून, की आपलं आपण बंद पडणार म्हणून?"

"ते तो सांगत नाही, साहेब. तो फक्त आकडा सांगतो."

"पण तो चुकत नाही!"

"आज तरी चुकला नाही."

फेगड्यांनी कान दिला. सहाच्या सहा सिलिंडर सुरात. तेलाचा दाब जागेवर. त्यांच्या हिशेबानं आमलीपाडा अजून सात मिनिटं दूर होता. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. त्यांनी न सांगताच हात थ्रॉटल हळूहळू मागे घेत होता. एकशे चाळीस वेळा याच वाटेनं आलेला हात. त्यांनी मान वर केली. धुळीच्या पडद्यातून आमलीपाड्याच्या अलीकडची खूण, तीन पळसांची डोंगराची सोंड, समोर उभी होती. पाठीवरच्या गरम वाऱ्यानं माईला तीन मिनिटं आधीच आणून सोडलं होतं आणि सोंडेच्या पलीकडे आमलीपाड्याची लाल मातीची पट्टी पसरलेली होती.

फेगडे हसायला लागले. एकतीस वर्षांत विमानात ते पहिल्यांदा हसत होते, त्यामुळे गणपुले जास्तच घाबरले.

"काय झालं?"

"शून्य बरोबर आहे, साहेब. पोचलो आपण!"

माई पट्टीवर टेकली, धुरळ्यात धावली, थांबली. फेगड्यांनी लाल मूठ ओढली आणि घड्याळ पाहिलं. चार मिनिटं, वर दोन सेकंद. इंजिन बिघडूनही थांबतं आणि पोचूनही थांबतं. चारमिनिट्याला दोन्हींत काही फरक दिसत नव्हता. तो फरक बघायला शेजारी माणूस लागतो.

सिस्टर वळवींनी तिथेच, पंखाच्या सावलीत बाजेवर, जांगीबाईला सलाइनमधून लस सुरू केली. जांगीबाईच्या पापण्या मिटलेल्या होत्या, आवाज घोगरा झाला होता, पण हातातलं पानांचं पुडकं काही तिनं सोडलं नव्हतं.

"लस चढेल," सिस्टर म्हणाल्या, "पण श्वास मंदावतोय. खाली मोठ्या दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर घ्यायला हवं. तासाभरात. मी बरोबर येते."

फेगडे आणि गावातल्या दोन बायांनी मिळून तिला आत झोपवलं. सिस्टर पाठीमागे बसल्या, हातात श्वासाची पिशवी. फेगड्यांनी पट्टा बांधला. गणपुले शेजारी बसले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

"कॅप्टन, मला अतिशय वाईट वाटतं. परवानगी फक्त जाण्याची होती. परत जायला मान्यताप्राप्त यंत्र हवं, म्हणजे माझी सही हवी. आणि सही कशी करू? यंत्र मान्य केलं तर त्याचं ऐकणं बंधनकारक. तसं केलं की उद्यापासून विमान उडत नाही. अमान्य केलं तर आत्ता उडत नाही. शिवाय सकाळी त्यानं बाराव्यांदा शून्य सांगितलं आणि ते खरं ठरलं नाही. एक चूक."

"ते शून्य त्यानं मिनिटभरात मागे घेतलं, साहेब. सिस्टर रेडिओवर पुन्हा बोलणार हे त्याला कुठून कळणार? तो इंजिन ओळखतो, मला ओळखतो. सिस्टरला ओळखत नाही."

"मला दोन मिनिटं विचार करू द्या."

"करा की," फेगडे म्हणाले आणि सवयीनं बॅटरी लावून हात थ्रॉटलच्या मुठीवर ठेवला.

पडदा उजळला.

चार मिनिटांनी: फेरे दोन हजार चारशे.

गणपुल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच.

"हे काय? मी अजून सही केलेली नाही!"

"माहीत आहे, साहेब."

"मी करेन की नाही, हे माझं मलाच ठाऊक नाही. याला कसं कळलं?"

"त्याला तुमचं काहीच कळत नाही." फेगड्यांचा आवाज नेहमीसारखाच नरम होता. "मुठीवर हात माझा आहे."

गणपुल्यांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. त्यांनी मुठीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. जन्मभर खोट्या लाल रेघेलाही न शिवलेला हात होता तो. मागून सिस्टरच्या पिशवीचा फुस्स आवाज येत होता, एका लयीत. साडेतीन मिनिटं उरली होती. विमान उडणार, हे आता ठरलेलं होतं. गणपुल्यांनी ठरवायचं एवढंच राहिलं होतं की ते नियमानं उडेल की नियम मोडून.

आणि गणपुल्यांच्या देखत नियम मोडला जाणं, हे मात्र कोणत्याही यंत्राच्या अंदाजापलीकडचं होतं.

त्यांनी कोट काढला. आयुष्यात पहिल्यांदा. पाठीला घामानं चिकटलेला तो कोट सोलूनच काढावा लागला. मग तक्ता मांडीवर घेतला. "नियम सतरा," ते भराभर लिहीत बोलू लागले. "मुदत संपण्याआधी मागे घेतलेला अंदाज हा अंदाज धरू नये. म्हणजे सकाळचं ते शून्य बाद. त्यानंतरचे सगळे खरे, आत्ता उतरतानाचं शून्यसुद्धा. लागोपाठ बारा कधीच झाले."

"हा नियम मघाशी का नाही सांगितलात?"

"मघाशी मला तो नको होता." पेन खाली सरकलं. तक्त्याच्या तळाशी 'वापराच्या अटी' असा एक चौकोन होता. बावीस वर्षांत गणपुल्यांनी त्यात कधी शाईचा ठिपका टाकला नव्हता. आता त्यांनी तिथे स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली: 'सूचना यंत्राने द्यावी. निर्णय वैमानिकाने घ्यावा.' खाली सही, तारीख, वेळ. वेळेपाशी ते अडले. "किती वाजले?"

फेगड्यांनी मनगट पुढे केलं. गणपुल्यांनी पाहिलं आणि लिहायला गेले.

"साहेब, दहा मिनिटं वजा करा," फेगडे म्हणाले. "ते पुढे आहे."

आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.